साहित्य, कोनासंग?

त्या दिवशी अंगणात बसलो असताना माझ्या शर्टाच्या खिशातला मोबाइल चालू होता. तो चुकून चालू राहिला नव्हता. मी तो चालू केला होता आणि त्याचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून वर रुमाल ठेवला होता. ही गोष्ट मी पत्नीला सांगितली नाही. ज्या मित्राला ते ध्वनिमुद्रण पाठवले त्यालाही पुरती सांगितली नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवी होती त्या सरांना तर ते असेपर्यंत सांगितली नाही. सरांविषयी काही लिहा, असे त्यांचे विद्यार्थी मला म्हणतात. तुम्ही त्यांच्या सर्वांत जवळचे होता, असेही म्हणतात. लिहायला बसलो की पहिल्याच ओळीवर तो रुमाल येऊन पडतो. म्हणून आधी तो बाजूला केला.

सर घाटंजीकडच्या एका महाविद्यालयात मराठीचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो. पहिल्या दिवशी विभागात पाऊल ठेवले आणि त्यांच्या टेबलाकडे पाहून मी चपापलो. त्यावर पाण्याचा एक तांब्या होता, चष्म्याचे घर होते आणि एकही पुस्तक नव्हते. खुर्चीत बसलेला सावळा, काटक माणूस शर्टाचे गळ्याचे बटणसुद्धा लावून माझ्याकडे पाहत होता.

"काय शिकवनार?"

"साहित्य, सर."

"कोनासंग?"

मला वाटले, वर्ग विचारत आहेत. म्हणून सांगितले, "द्वितीय वर्षासोबत, सर."

"वर्ग नाई विचारला मी. साहित्य म्हनता नं तुमी? मंग कोनासंग?"

साहित्य हा शब्द 'सहित'वरून आला, एवढे मी एम.ए.च्या उत्तरपत्रिकेत लिहून आलो होतो. सहित म्हणजे सोबत; आमच्या वऱ्हाडीत संग. शब्द आणि अर्थ यांची सोबत, असा त्याचा उलगडा पाठ्यपुस्तकात असतो. सरांचे तेवढ्याने समाधान होत नसे. सांगणारा आणि ऐकणारा एकमेकांसंग असल्याखेरीज हा शब्द उच्चारूच नये, असे त्यांचे म्हणणे होते. आणि हे म्हणणे ते मतासारखे बाळगत नसत, पथ्यासारखे पाळत. कपाटातल्या पुस्तकाला ते 'कागद' म्हणत. एकदा तपासणी समिती आली असता त्यांनी समितीच्या अध्यक्षांना ग्रंथालय दाखवून सांगितले, "हे सारे कागद हायेत. साहित्य व्हाचं हाय अजून." आमचे ग्रंथपाल त्या दिवशी जेवले नाहीत.

शिक्षकांच्या खोलीत कोणी 'क्रीडा साहित्य आले का?' असे विचारले, की सरांचा चेहरा उजळे. यवतमाळला जाताना बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या ते मोठ्याने वाचत: शालेय साहित्य, विद्युत साहित्य, पूजा साहित्य. मी एकदा म्हणालो, "सर, त्या साहित्याचा आपल्या साहित्याशी काय संबंध?" ते म्हणाले, "आपला खेळाचा मास्तर दोन पोट्टे समोर असल्याशिवाय चेंडू बाहेर काढत नाई, भाऊ. तुमी अन् मी रिकाम्या वर्गातही शिकवून येतो. मंग हा शब्द कोनाले जास्त शोभते?"

ते कधीही मनात वाचत नसत. एकट्याने तर मुळीच नाही. पुस्तक हाती आले की ते माणूस शोधत. आठवडी बाजाराच्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात दाढीची वाट पाहणाऱ्यांना वाचून दाखवत, एस.टी.त शेजारी बसलेल्याला विचारत, "तुमाले चालन का?" आणि त्याने मान हलवली की सुरू होत. प्रत्येक पानाच्या शेवटी थांबून "उलटू का?" असे विचारायचे, हा नियम. वाहकांना ते माहीत झाले होते. "सर, आज कोन्या बिचाऱ्याची पाळी?" असे म्हणत ते तिकीट फाडत.

अशाच एका प्रवासात त्यांच्या शेजारचा माणूस, मांडीवर तुरीची पिशवी घेतलेला, गोष्ट ऐकता ऐकता झोपी गेला. सरांनी वाचणे थांबवले. बोट ओळीवर तसेच ठेवून ते बसून राहिले. मी मागच्या बाकावरून म्हणालो, "सर, मी ऐकतो आहे. पुढे वाचा."

"तुमी मंधातून ऐकलं. याच्यासंग सुरू केलं मी. झोपला तो, त्याले टाकून पुढं कसा जाऊ?"

यवतमाळच्या स्थानकावर तो माणूस दचकून उठला आणि पिशवी काखोटीला मारून उतरला. सरही त्याच्या पाठोपाठ उतरले. गोष्टीचे दीड पान राहिले होते. विद्यापीठाच्या बैठकीची वेळ टळून गेली तरी स्थानकाच्या नळाशी उभे राहून ते त्याला वाचून दाखवत होते, आणि तो मनुष्य, पुढची गाडी गाठायची असूनही, तोंड धुता धुता ऐकत होता. शेवट ऐकून म्हणाला, "बरं झालं उतरले तुमी. मले वाटलं, मेली ते बाई." मी लाजेने दूर उभा होतो. आज त्या लाजेची लाज वाटते.

त्यांच्या या सवयीचे सगळे हसू येण्यासारखे होते असे नाही. एका वर्षी स्नेहसंमेलनाला एक नावाजलेले कवी पाहुणे म्हणून आले. खर्जातला आवाज, मिटलेले डोळे. मुले आपापसांत बोलत होती. तिसऱ्या कवितेच्या मध्यात सर उभे राहिले.

"साहेब, हे कोनाले सांगून राह्यले तुमी?"

प्राचार्यांचा हात पाण्याच्या पेल्यावर तसाच राहिला. कवींनी डोळे उघडले. "म्हणजे? सर्वांना."

"सर्वायले सांगता येत नाई, साहेब. यातल्या एखाद्याकडे तरी पाहा."

कवींनी पाहण्याचा प्रयत्न केला. त्यांची नजर पहिल्या रांगेवरून फिरली, कुठेही टेकली नाही, आणि ते कविता अर्धी सोडून खाली बसले. संध्याकाळी मी सरांना धीर करून म्हणालो, की हे क्रूर झाले. ते म्हणाले, "झालं खरं. पन दुसऱ्याले विचारनं सोपं असते, भाऊ." त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

सर तांड्यातले. बंजारा समाजातून, त्यांच्या तांड्यातून, महाविद्यालयात शिकलेले पहिले. नोकरीमुळे ते गावात भाड्याच्या घरात राहत. पत्नी आणि ते, दोघेच. मी त्यांच्याकडे वर्षानुवर्षे जात होतो. संध्याकाळी ओसरीवर ते मला वाचून दाखवत. वहिनी चहा आणून देत, "घ्या भाऊ" म्हणत, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत. एक हात चौकटीवर, कधी पोळपाटाचे पीठ बोटांना तसेच. कप घेऊन जाण्यासाठी त्या थांबल्या आहेत, असे मी समजत असे. ऐकणाऱ्याखेरीज साहित्य नाही, असे शिकवणारा माणूस आणि ते शिकून घेणारा माणूस, असे दोघे त्या ओसरीवर बसलेले होते. त्या दारातल्या माणसाकडे दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.

पुढे मला पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची गरज पडली. तांड्यातल्या बायका फार दिवसांनी भेटल्या किंवा कोणी गेले, की गळ्यात गळा घालून रडतात. ते रडणे चालीत असते, शब्दांत असते, आणि ते शब्द त्याच वेळी, तिथल्या तिथे जुळवलेले असतात. मी ते बसमध्ये, बाजारात दुरून ऐकले होते. सरांना म्हणालो, "विद्यार्थ्यांना घेऊन तुमच्या तांड्यावर जाऊ. ही रडणी संकलित करू. केवढे मोठे लोकसाहित्य आहे हे!"

मला वाटले, ते आनंदाने उठतील. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्या घरातली भांडी उचलून नेण्याची परवानगी मागितली असावी.

"रडनं लिहून घेत नाईत, भाऊ."

"पण सर, तुमच्याच व्याख्येप्रमाणे हे खरे साहित्य. सांगणारी आहे, ऐकणारी आहे."

"म्हनूनच नाई." मग त्यांनी मला समजावून सांगितले, आणि त्यांचा आवाज वर्गातल्यापेक्षा हळू होता. रडणाऱ्या बाईला त्या वेळी काहीही म्हणण्याची मोकळीक असते. सासूला, भावाला, तांड्याच्या प्रमुखाला, म्हणजे नायकालाही ती नाव ठेवू शकते. एरवी जन्मात जे बोलली नसती ते बोलू शकते. ज्याला लागायचे त्याला लागते. पण पदराने डोळे पुसले, की ते तिथेच संपते. त्यातला शब्द पुन्हा काढायचा नाही. कोणी काढत नाही. "एकदाच म्हनलं जाते ते, अन् ज्याच्यासंग म्हनलं त्याच्यासंगच राह्यते. म्हनून तर बाया त्यात खरं बोलतात. लिहून घेतलं तर त्या खोटं रडतील, नाईतर रडनारच नाईत."

म्हणजे मला नियम ठाऊक होता. अज्ञानाची सबब मला नाही.

वहिनी एकाएकी गेल्या. त्यांना तांड्यावर नेले. महाविद्यालयातून कितीतरी जण जाऊन परत आले. मी तेवढा थांबलो. दुपारी उमरखेडच्या बाजूने एक ऑटो आला आणि सरांची मोठी बहीण उतरली. तिला सर 'बाई' म्हणत. मीही तेच म्हणतो. अंगणाच्या कडेला तिने चपला सोडल्या, आणि तिथून जो सूर लावला, त्याने अंगणातले सगळे बोलणे थांबले. बायका तिच्याकडे सरकल्या. ती वहिनींशी बोलत होती. गेलेल्या माणसाशी नव्हे, रुसून आत जाऊन बसलेल्या माणसाशी बोलावे तशी. बंजाऱ्यांची गोर बोली मला अर्धीच कळते. तेवढे अर्धेही पुरे होते. आयुष्यभर साहित्य शिकवत आलो आणि ते समोर उभे असलेले मी त्या दिवशी प्रथम पाहत होतो, असे मला वाटले. ते वाटणे खरे होते. माझा हात खिशाकडे गेला, हेही तितकेच खरे आहे.

तिचे शब्द मी इथे लिहिणार नाही. त्यातली एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून माझा अपराध कळणार नाही. तीही बाईंना विचारून. भावजयीला ती म्हणाली होती, की तुझ्या नवऱ्याने गाडीतल्या परक्याला वाचून दाखवले, न्हाव्याला दाखवले, मित्राला ओसरीवर बसवून दाखवले. तू दारात उभी राहून राहून थकलीस, तुला एकदाही 'बस' म्हटले नाही.

त्या वेळी सर जमिनीकडे पाहत होते. मला ते वाक्य तेव्हा समजले नव्हते.

ध्वनिमुद्रण माझ्याने वापरवले नाही. आणि पुसवलेही नाही. मी ते माझ्या एका मित्राला पाठवले. तो उमरखेडकडे प्राध्यापक होता आणि याच विषयावर काम करत होता. "एका तांड्यातले आहे. माझे नाव कुठे घेऊ नकोस," एवढेच लिहिले. आपण चोरी केली नाही, केवळ एक वस्तू योग्य जागी पोहोचवली, अशी मी स्वतःची समजूत घातली.

काही महिन्यांनी यवतमाळला लोकसाहित्यावर चर्चासत्र झाले. मित्राचा निबंध दुपारच्या सत्रात होता. त्या सत्राचे नियोजित अध्यक्ष आले नाहीत, आणि संयोजकांनी श्रोत्यांत बसलेल्या आमच्या सरांना हाताला धरून व्यासपीठावर नेले. मी पाहत होतो. उठून मित्राच्या कानाशी लागायला मला पुरेसा वेळ होता. मी उठलो नाही. तो ते ऐकवणार नाही, नुसते वाचेल, असे मनाशी म्हणत राहिलो.

मित्राने दोन पाने वाचली आणि म्हणाला, "आता प्रत्यक्ष ऐकू या. गायिका अज्ञात."

ध्वनिक्षेपकातून बाईंचा आवाज आला.

सरांचा हात टेबलावर होता. तो हळूहळू उघडला आणि तसाच उघडा राहिला. पहिल्या ओळीनंतर ते उभे राहिले. श्रोत्यांना वाटले, लोकपरंपरेविषयीचा आदर म्हणून अध्यक्ष उभे आहेत; म्हणून पुढच्या रांगेतलेही दोघे-तिघे उभे राहिले. ती बाई त्यांची बहीण आहे, ती जिला हाका मारते आहे ती त्यांची पत्नी आहे, हे त्या सभागृहात व्यासपीठावर त्यांना आणि खाली मला, एवढ्या दोघांनाच माहीत होते. मागच्या बाजूला दुसऱ्या तांड्यांतले काही विद्यार्थी बसले होते. त्यांना बोली कळत होती. ते वाक्य आले तसे त्यांच्यातल्या एका मुलीने सरांकडे पाहिले आणि झटकन मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यावरून मला त्या वाक्याचा अर्थ कळला.

ध्वनिमुद्रण संपले. टाळ्या झाल्या. मीही टाळ्या वाजवल्या. हात आवरून बसलो असतो तर कोणी माझ्याकडे पाहिले असते, या भीतीने मी त्या वाजवल्या.

अध्यक्षीय भाषणासाठी सरांपुढे माईक आला. त्यांनी मित्राला 'कोनासंग?' असे विचारले नाही. ही गायिका कोण, हे कुठून आणले, काहीच विचारले नाही. ते म्हणाले, "याच्यात त्या बाईनं एक गोष्ट सांगितली हाय. ती खरी हाय." आणि खाली बसले. श्रोते एकमेकांकडे पाहू लागले. संयोजकांनी घाईघाईने आभार मानले.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी होतो. पुस्तक त्यांच्या पिशवीतच राहिले. वाहक म्हणाला, "काय सर, आज सुट्टी?" त्यांनी नुसते तिकीट घेतले. बरेच अंतर गेल्यावर त्यांनी मला विचारले, "ती कोनासंग रडत होती, भाऊ?"

"वहिनींसंग, सर."

"अन् आज?"

माझ्या जिभेवर ते आले होते. समोरच्या बाकाच्या दांडीला मी घट्ट धरले आणि खिडकीबाहेर पाहिले.

चर्चासत्रातून ते ध्वनिमुद्रण कोणाकोणाच्या मोबाइलवर गेले. कोणी त्याला बासरी जोडली, कोणी मावळत्या सूर्याचे चित्र लावले. एकदा पानाच्या ठेल्यावर उभा होतो. शेजारच्या माणसाचा मोबाइल वाजला, आणि वाजला तो बाईंच्या आवाजात. त्याने रिंगटोन म्हणून ते ठेवले होते. "हां, बोल," असे म्हणून त्याने तो आवाज मध्येच तोडला. माझ्या हातून पान खाली पडले. तांड्यांतून तर ते घरोघर पोहोचले, आणि तिथे बोली सर्वांनाच कळत होती. नवऱ्याला भर अंगणात जे एकदाच ऐकवायचे आणि मिटवायचे, ते बाजारात, लग्नात, गाडीत रोज ऐकू येऊ लागले. पोरे सरांना पाहून दारात उभे राहण्याची नक्कल करत.

बाईंचे भावाकडे येणे थांबले. भाचीच्या पाठवणीच्या वेळी रडण्याचा सूर लावायला सगळ्यांनी त्यांना पुढे केले, तर त्या गळा साफ करून बाजूला झाल्या, असे कानावर आले. सर स्वतः त्यांच्या गावी जाऊन आले. मला सांगत होते, "गेलतो बाईकडे. म्हनलं, बाई, तू खरं बोलली, मले राग नाई. ती म्हने, खरं होतं म्हनून तर रडन्यात बोलली, भिया. नाईतर बोलली असती का?" भिया म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ.

त्यांनी स्वतःला कसे बदलले, ते पाहून शेजाऱ्यांना धक्का बसला; मलाही. गाडीत, न्हाव्याकडे वाचणे त्यांनी बंद केले. संध्याकाळी ते ओसरीतली खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी नेत, आणि आत तोंड करून मोठ्याने वाचत. पानाच्या शेवटी थांबत. "उलटू का?" आत चूल नव्हती, गॅस होता; तोही बंद. मी गेलो तर मला ओसरीवर बसवत आणि स्वतः तिकडे तोंड करून वाचत राहत. घरमालकीण मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मास्तरायच्या डोक्यावर परिनाम झाला का हो, भाऊ? कोनाले वाचून राह्यले ते?" मी म्हणालो, "सवय आहे त्यांची." वहिनींच्या जागी इतकी वर्षे मी बसलो होतो, हे तिला काय सांगणार?

निवृत्तीनंतर ते थकत गेले. एकदा मी सारे सांगून टाकायचे ठरवून त्यांच्याकडे गेलो. "सर, ते ध्वनिमुद्रण..." एवढे बोललोसुद्धा.

त्यांनी हात वर केला. "लोक मले विचारतात, कोनं केलं. मी म्हनतो, ज्यानं केलं त्याच्यासंग हाय ते. एकटं तर नाई नं." आणि त्यांनी डोळे मिटले. ते करणारा मीच, हे त्यांना ठाऊक होते का? त्या अंगणात महाविद्यालयातला शेवटपर्यंत थांबलेला मी एकटाच होतो, हे ते विसरले असतील असे मला वाटत नाही. मला त्यांनी सोडवले, की माझ्याच हवाली केले, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी हात वर केला याचा मला सुटकेसारखा आनंद झाला होता. तो आनंद या सगळ्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे.

यंदा उन्हाळा लागता लागता सर गेले. तेच अंगण. मंडपाचे कापड, बांबू, मडके जमवणारी माणसे एकमेकांना विचारत होती, "सारं साहित्य आलं का?" तो शब्द इतक्या साधेपणाने तिथे उच्चारला गेला, की मी दचकून सरांकडेच पाहिले, आता ते विचारतील, असे वाटले.

ऑटो आला. बाई उतरल्या. पार वाकल्या होत्या. अंगणाच्या कडेला त्यांनी चपला सोडल्या आणि बायका बाजूला झाल्या. सगळे अंगण त्या सुराची वाट पाहू लागले. त्या भावाजवळ बसल्या, पदर तोंडावर ओढला. ओठ हलले. मग त्यांनी पदरातून मान वर केली आणि सभोवार पाहिले, चेहऱ्यांकडे नव्हे. पुरुषांच्या, पोरांच्या शर्टांच्या खिशांकडे त्या पाहत होत्या. एकेक खिसा. माझाही.

त्यांनी पदर पुन्हा ओढून घेतला आणि ओठ मिटले.

एक म्हातारी त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रो बाई, रो." बाई हलल्या नाहीत. दुसऱ्या कोणी सूर लावीना. तो मान त्यांचा होता. रडल्यावाचून माणूस उचलायची त्या अंगणात कोणाला सवय नव्हती. ज्याने जन्मभर 'कोनासंग?' असे विचारले, तो माणूस एवढ्या गर्दीत एकटा निजला होता, आणि त्याच्याशी बोलू शकणारे एकमेव माणूस माझ्या खिशाला भिऊन गप्प होते. ऊन चढत होते. नायक इकडेतिकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाले, "चला मंग. उचला आता."

मी उठलो. खिशातला मोबाइल काढून बंद केला आणि बाईंच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. वर्गात, व्यासपीठावर मी जी जपून बांधलेली भाषा बोलत आलो, ती त्या वेळी माझ्या मदतीला आली नाही. आईजवळ बोलायचो ती आली. अंगणातल्या सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणालो,

"बाई, वहिनी गेल्या त्या दिवशी तुमचं रडनं मी चोरलं. माह्या खिशातला फोन चालू होता, मीच केलता. सरायले सांगितलं नाई, तुमाले सांगितलं नाई, टाळ्या मात्र वाजवल्या. तुमचं काई चुकलं नाई. तुमी वहिनीसंग बोलत होत्या, मी मंधात येऊन बसलो. मले माफ करा, बाई. नसन करनं होत तर नका करू. पन आज मुक्या नका राहू; तुमच्या भावासंग बोला."